एकोणीस किलो लोखंड

सीझन संपला की त्या समुद्रकाठच्या गावात राहायला जागा व्हायची. हॉटेलांच्या दारांना फळ्या ठोकल्या जायच्या, आइस्क्रीमवाला मेव्हण्याकडे निघून जायचा, रंगीत छत्र्या मिटून गोदामात एकमेकींच्या अंगावर पडायच्या. ज्याच्यासाठी लोक एवढ्या लांबून यायचे, तो समुद्र मात्र जागच्या जागी राहायचा. त्याला दुसरीकडे जायची सोय नव्हती.

सोय तिलाही नव्हती. किनाऱ्यालगतच्या फरसबंद रस्त्यावर बाकांची लांबच लांब रांग होती आणि त्या रांगेच्या मधोमध तिच्या बाबांचा वजनकाटा उभा होता. माणसापेक्षा हातभर उंच, पितळी कडांचा, घड्याळासारखी गोल तबकडी असलेला. वर पाटी – ‘खरा काटा. एका वेळी एकच माणूस.’ बाबांचे गुडघे संपावर गेल्यापासून काटा ती सांभाळायची. सीझनमध्ये रांग लागायची. लोक आल्या दिवशी वजन करायचे, आठवडाभर जेवायचे आणि जायच्या दिवशी पुन्हा करायचे. ती प्रत्येकाला हाताने चिठ्ठी लिहून द्यायची. तारीख, वजन, खाली सही. छापील चिठ्ठीवर विश्वास कोण ठेवणार, असं बाबांचं म्हणणं.

सीझन नसताना ती रोज सकाळी येऊन पितळ घासायची. बघायला कुणी नसायचं. पण घर कुणी येणार म्हणून झाडायचं नसतं, हेही बाबांचंच.

त्या सोमवारी पितळ घासता घासता तिला तबकडीच्या काचेत एक माणूस दिसला. तो वाकडा होता. म्हणजे माणूस सरळच असावा, पण उजव्या हातातल्या लाकडी पेटीमुळे तो डावीकडे इतका कलला होता, की समुद्राचा वारा उलटा असता तर आडवाच झाला असता. काट्यापाशी येऊन त्याने पेटी खाली ठेवली आणि हळूहळू, एकेक मणका मोजत, सरळ झाला. सरळ झाल्यावर बरा दिसत होता.

“लॉज कुठे आहे इथे? उघडं असलेलं?”

“मावशींचं. त्या पिवळ्या इमारतीच्या मागे. द्या, मी धरते एका बाजूने.” तिने पेटीच्या कडीत हात घातला. पेटी हलली नाही. तिने दुसरा हात घातला. “अहो, काय भरलंय यात?”

“लोखंड.”

“किती?”

“वीस किलो. पेटी सोडून.” आणि मग, उगाचच, “बरोब्बर वीस.”

तिने हात कमरेवर ठेवले. बरोब्बर हा शब्द तिच्यासमोर असा सहज वापरून कुणी सुटलं नव्हतं.

“व्यायामाचं आहे वाटतं?”

तो काहीतरी सांगणार होता. पण तिने भुवई उचलली होती, वाऱ्याने एक बट तिच्या ओठांवर येऊन बसली होती आणि ती बट फुंकरीने उडवायचा तिचा प्रयत्न दुसऱ्यांदा फसला होता. सांगायचं राहून गेलं.

“तसंच… काहीसं.”

“व्यायामवाल्यांना दुकानदार हमखास फसवतात. ठेवा काट्यावर.”

“नको, कशाला—”

“फुकट. ठेवा.”

त्याने पेटी उघडली, आतला मुठीचा चौकोनी ठोकळा दोन्ही हातांनी उचलला आणि मूल झोळीत ठेवावं तसा काट्यावर ठेवला. काटा फिरला, थरथरला, थांबला.

“एकोणीस!” तिने विजयाने सांगितलं. “बघा. अख्खा किलो खाल्ला तुमच्या दुकानदाराने.”

तो तबकडीकडे बघत राहिला. मग ठोकळ्याकडे. मग तिच्याकडे, जरा जास्तच वेळ.

“काट्यात थोडाफार फरक…”

“या?” तिचा आवाज इतका शांत झाला, की एक समुद्रपक्षी उठून पुढच्या बाकावर गेला. “साहेब, गावातले सगळे तराजू या काट्यावरून लावलेत. किराणावाले काका वाद झाला की गिऱ्हाईकाला घेऊन इथे येतात. लोक इथे शपथ घेतात, देवळात नाही. तुमचं लोखंड एकोणीस आहे.”

तिने चिठ्ठी लिहिली – लोखंड, १९ किलो – सही केली आणि त्याच्या हातात दिली. “दुकानदाराला दाखवा. भांडायला उपयोगी पडेल.”

त्याने चिठ्ठीची घडी केली, खिशात ठेवली, पेटी उचलली आणि पुन्हा वाकडा होऊन निघून गेला. कोपऱ्यावर जाऊन एकदा मागे वळून बघितलं. पेटीसकट वळणं सोपं नसतं. तिला ते आवडलं.

आता खरं सांगायचं तर तो माणूस सरकारी वजनमापे निरीक्षक होता. पेटीतलं लोखंड हे प्रमाणित वजन होतं, त्यावर राजधानीतला शिक्का होता आणि त्याला ‘एकोणीस’ म्हणणारी ती पृथ्वीवरची पहिली व्यक्ती होती. गुरुवारी त्याला हाच काटा तपासायचा होता. आधीचे निरीक्षक दरवर्षी ऐन सीझनमध्ये, सहकुटुंब यायचे, स्वतः काट्यावर चढायचे, खूश होऊन उतरायचे आणि शिक्का मारायचे. वजनं आणायची त्यांना कधी गरजच भासली नव्हती. हा या भागात नवा होता. शिस्तीचा होता. नोकरीच्या चार वर्षांत त्याने एकही खोटा शिक्का मारला नव्हता आणि त्याचा त्याला अभिमान होता. या खात्यात अभिमान बाळगायला दुसरं फारसं काही नसतं.

मंगळवारी तो पेटीशिवाय आला. सहज. तिने थर्मासमधला चहा दोन कपांत ओतला. तोही सहज.

“दाखवली चिठ्ठी?”

“अजून नाही.”

“घाबरता दुकानदाराला?”

“थोडं. तो… रागावेल असं वाटतं.”

“रागवू दे. खऱ्याला कसली भीती!”

त्याने घोट घेतला. चहात साखर जास्त होती. सकाळीच त्याने, आपण कोण ते न सांगता, किराणावाल्या काकांकडून किलोभर साखर घेऊन खोलीवर आपल्या तराजूत जोखली होती – त्या दुकानात किलोला पन्नास ग्रॅम जास्त जात होते. भाजीवालीकडे तेच. गावातले दुकानदार भरभरून देतात, अशी त्यांची पंचक्रोशीत ख्याती होती. आता त्याला कारण कळलं होतं. आणि डॉक्टरांच्या दवाखान्याबाहेरच्या ‘येथील सागरी हवेने वजन घटते’ या पाटीचंही.

“तुम्ही एवढे गप्प का?” तिने विचारलं.

“समुद्र बघतोय.”

“समुद्र तिकडे आहे.”

तो घाईघाईने तिकडे वळला. ती हसली. हसताना तिचे गाल वर जाऊन डोळे जवळजवळ मिटायचे. ती चांगली अंगाने भरलेली होती आणि हसायची तीही तशीच, हात आखडता न घेता. त्याने मनाशी ठरवलं – उद्या सांगायचं. नक्की.

बुधवारी त्याने सांगितलं. ओळखपत्र काढून तिच्यापुढे धरलं, तेही उलटं.

तिने ते सुलटं करून वाचलं. दोनदा.

“म्हणजे ते व्यायामाचं नव्हतं.”

“नाही.”

“आणि दोन दिवस तुम्ही माझा चहा पीत होतात.”

“पहिल्याच दिवशी सांगणार होतो. पण तुम्ही चिठ्ठी लिहून दिलीत… सही केलीत… मला वाटलं, अजून एक दिवस.” तो थांबला. “काटा चुकतोय. विसाला एक किलो. मला तो बंद करावा लागेल.”

“तुमचं लोखंड झिजलंय.”

“प्रमाणित वजन झिजत नाही.”

“माणसं झिजतात, लोखंडाचं काय घेऊन बसलात!”

“ऐका ना. उद्या सकाळी सहाला तपासू. कुणी नसताना. दुरुस्त होईल, शिक्का बसेल, गावाला कळणारही नाही. एवढं मी… नियमात बसतं ते.”

हीच त्याची चूक. तिच्या डोळ्यांत पाणी आलं असतं तर परवडलं असतं, पण तिथे आलं भलतंच काही.

“माझ्या बाबांच्या काट्याची तपासणी चोरासारखी? सहा वाजता? साहेब, उद्या दहा वाजता. अख्ख्या गावासमोर. मी दवंडी देते. आणि तुमचं लोखंड खोटं निघालं, तर सगळ्यांसमोर माफी मागायची. बाबांची. माझी नको.”

“आणि काटा खोटा निघाला तर?”

“निघणार नाही.”

ती थर्मास घेऊन निघाली. त्याच्या हातातला कप मात्र मागायला विसरली आणि तो ‘अहो, कप’ म्हणायला.

घरी बाबा खिडकीपाशी खुर्चीत बसून कुणाचं तरी बंद पडलेलं घड्याळ उघडत होते. तिने सगळं एका दमात सांगितलं. वीस, एकोणीस, ओळखपत्र, दहा वाजता, अख्खं गाव. बाबा ‘शाब्बास’ म्हणतील म्हणून थांबली. बाबांनी घड्याळाचं झाकण लावलं. उलटं लावलं. पुन्हा काढलं.

“तेरा वर्षांची होतीस,” ते म्हणाले. “शाळेतल्या मैत्रिणींना घेऊन आली होतीस काट्यावर. आठवतं?”

“नाही.”

“तुझं साठ भरलं. त्यांच्यातल्या कुणाचं चाळीसच्या वर नव्हतं. त्या हसल्या. तूही हसलीस त्यांच्याबरोबर. पण त्या दिवशी जेवली नाहीस. दुसऱ्या दिवशीही नाही.” बाबांनी चिमट्याने एक बारीक चाक उचललं आणि जिथून उचललं तिथेच ठेवलं. “तिसऱ्या दिवशी मी मागचं झाकण उघडलं. अडीच फेरे. तू चढलीस… सत्तावन्न. मग घरी येऊन दोनदा वाढून घेतलंस.”

तिने घड्याळ हातात घेतलं. ते उघडंच होतं.

“आणि तेरा वर्षं ‘खरा काटा’?”

“पाटी आधीच रंगवलेली होती,” बाबा म्हणाले. “दरवर्षी ठरवायचो, यंदा उलटा फिरवतो. मग तू यायचीस, चढायचीस… राहून जायचं.” ते खुर्चीच्या हाताला धरून उठायला लागले. “चल. अजून उजेड आहे. आत्ताच फिरवून येऊ. पाच मिनिटांचं काम. उद्या त्याचं लोखंड वीस भरेल, तूही खरी, तोही खरा.”

तिला आठवत नव्हतं असं नव्हतं. त्या मुलींपैकी दोघींची नावं तिला अजून पाठ होती. उद्या सगळ्या गावासमोर त्या बापाचं नाव धुळीला मिळणार होतं, ज्याच्या खरेपणावर ती ताठ मानेने चालायला शिकली होती. आणि ते वाचवायला अडीच फेरे पुरेसे होते.

“बसा, बाबा,” ती म्हणाली.

“अगं, पण—”

“फिरवायचंय. उद्या. सगळ्यांसमोर.” तिने घड्याळाचं झाकण घेऊन सुलटं लावून दिलं. “खोटं तुम्ही माझ्यासाठी बोललात. खरं मी तुमच्यासाठी बोलेन. आता जेवू या. दोनदा वाढा.”

गुरुवारी दहा वाजता काट्याभोवती साठ-सत्तर माणसं जमली. सीझन नसताना गावात एवढी माणसं आहेत, हेच बऱ्याच जणांना नवीन होतं. लॉजवाल्या मावशींच्या कपड्यांच्या हातगाडीतून त्याने पाच ठोकळे आणले; बाकीचे चार आदल्या संध्याकाळच्या बसने मागवले होते. रात्रभर झोप नसल्याचं चेहऱ्यावर होतं. हातगाडीत, ठोकळ्यांच्या शेजारी, तिचा धुतलेला कप होता.

“अजूनही वेळ आहे,” तो हळूच म्हणाला. “मी गर्दीला सांगतो, कागद विसरलो—”

“तुम्ही? कागद? कोण विश्वास ठेवेल!” ती तेवढ्याच हळू म्हणाली. “ठेवा एकेक.”

त्याने ठेवले. ती प्रत्येक आकडा मोठ्याने वाचत गेली. एकोणीस. अडतीस. सत्तावन्न. शहात्तर. पंच्याण्णव.

“शंभर हवे होते,” तो खाली बघत म्हणाला.

“वजनं खोटी आहेत!” किराणावाले काका ओरडले. “या पोरीच्या हातून चूक व्हायची नाही!”

“सरकारचं काय खरं असतं!” मागून कुणीतरी.

गर्दी पुढे सरकली. त्याने चष्मा काढून खिशात ठेवला, मार खायची तयारी म्हणून. तेवढ्यात तिने हात वर केला.

“थांबा, काका. वजनं बरोबर आहेत. काटा चुकतोय. तेरा वर्षं चुकतोय.”

असं वाक्य त्या घरातून गावाने कधी ऐकलं नव्हतं.

“मी तेरा वर्षांची असताना माझं वजन साठ भरलं आणि मी जेवणं सोडलं. तेव्हा बाबांनी आतला स्क्रू फिरवला. माझ्यासाठी. मला काल कळलं. बाबा काल गुपचूप परत फिरवणार होते, मीच नको म्हटलं. ज्याला काही बोलायचं असेल त्याने मला बोला. ते आले आहेत, त्यांना वाट द्या.”

गर्दी दुभंगली. बाबा काठी टेकत आले. दुसऱ्या हातात स्क्रूड्रायव्हर होता आणि तो त्यांनी राजाने तलवार धरावी तसा धरला होता. त्यांनी मागचं झाकण उघडलं. एक फेरा. दोन. अर्धा. तबकडीवरचा काटा दमल्यासारखा सरकत सरकत शंभरावर गेला आणि थांबला.

कुणीही टाळ्या वाजवल्या नाहीत. मग ती काट्याजवळ गेली, ठोकळे उतरवले, चपला काढल्या आणि स्वतः चढली.

“कालपर्यंत शहात्तर!” शर्यत जिंकल्यासारखं तिने ओरडून सांगितलं. “आज ऐंशी!”

आधी मावशी हसल्या. मग सगळे. बाबा हसले नाहीत. त्यांनी काठी बगलेत धरली आणि दोन्ही हातांनी टाळ्या वाजवल्या, पडायची पर्वा न करता. किराणावाले काका मात्र किलोमागे पन्नास ग्रॅम गुणिले तेरा वर्षं एवढं मनात करून बाकावर बसले ते दुपारपर्यंत उठले नाहीत. डॉक्टर घाईने दवाखान्याकडे निघाले. संध्याकाळपर्यंत त्यांच्या पाटीवर ‘येथील सागरी हवा उत्तम’ एवढंच उरलं.

त्याने काट्यावर शिक्का मारला. फार जपून, जणू कुणाच्या कपाळावर मारतोय. बस बाराची होती. ठोकळे बसस्टँडकडे पुढे गेले होते, तो मागे राहिला होता.

“चढा,” ती म्हणाली. “खऱ्या काट्याचं पहिलं गिऱ्हाईक.”

तो चढला. अडुसष्ट. तिने चिठ्ठी लिहून दिली.

“ती आधीची परत द्या. चुकीची आहे ती. माझी सही आहे तिच्यावर.”

“ती… पुरावा म्हणून लागेल.”

“अहवालाला जोडणार?”

“नाही.” त्याचे कान लाल झाले. “पुढची तपासणी एक वर्षाने आहे. काटा संशयास्पद वाटला तर मात्र निरीक्षकाला दर महिन्याला यावं लागतं. तसा शेरा मारता येतो. तुमची हरकत नसेल तर—”

तिच्या मनात काय काय आलं ते तिच्या चेहऱ्यावर एकामागून एक दिसलं. पण शेवटी हनुवटी वर गेली.

“माझा काटा आता संशयास्पद नाही.”

“नाही. तेही खरंच.”

“यायचं तर खरं कारण घेऊन या.”

बस आली. तो गेला.

महिना गेला. थंड वारे सुटले. ती रोज येत होती, पितळ घासत होती आणि थर्मासमध्ये दोघांचा चहा आणून दोघांचा एकटीच पीत होती. बिस्किटांसह. एका सकाळी काचेत एक माणूस दिसला. तिने लक्ष दिलं नाही. तो सरळ चालत होता. अगदी जवळ आल्यावर तिच्या हातातला फडका थांबला.

“पेटी कुठे आहे?”

“आणली नाही.”

“मग तपासणी?”

“नाही. रजा टाकली आहे. कारणाच्या रकान्यात काय लिहायचं कळेना, म्हणून तो… मोकळा सोडलाय.”

“रजा मंजूर झाली?”

“साहेब म्हणाले, चार वर्षांत पहिल्यांदाच अर्धवट अर्ज दिलास, नक्की काहीतरी गंभीर आहे.”

तिने फडका बाकावर ठेवला. “चढा.”

तो चढला. तिने तबकडी बघितली, मग त्याला, मग पुन्हा तबकडी.

“सहासष्ट. दोन किलो गेले कुठे?”

“काट्यात थोडाफार…” तो बोलता बोलता थांबला.

“बोला ना. काट्यावर शिक्का कुणाचा आहे?”

त्याने मदतीसाठी समुद्राकडे पाहिलं. समुद्राने असल्या भानगडीत कधीच तोंड घातलेलं नाही.

“जेवण जात नाही,” तो म्हणाला. “महिनाभर. ताट समोर आलं की… तुम्ही म्हणालात, खरं कारण घेऊन या. हेच आहे. दुसरं नाही. तुमच्याशिवाय मला—”

ती पुढे झाली आणि त्याला खाली उतरू न देता त्याच्या शेजारी काट्यावर चढली. जागा एकाचीच होती. त्याला तिच्या खांद्यामागून हात नेऊन पितळी कडा धरावी लागली.

“एका वेळी एकच माणूस,” तो पाटी वाचत म्हणाला.

“पाटी रंगवली तेव्हा बाबा एकटे होते. वाचा काय भरलं ते. शिस्तीचे ना तुम्ही!”

“एकशे… अठ्ठेचाळीस.” वजाबाकी करायची त्याची सवय काही सुटेना. “म्हणजे तुमचं ब्याऐंशी. वाढलं.”

“दोन किलो.” तिने मान मुळीच खाली घातली नाही. “तुम्हाला आठवण आली की जेवण जात नाही. मला येते तेव्हा मी खाते. तुमचे हरवलेले दोन इथे आहेत. सुखरूप.”

तो हसला. काटा थरथरला आणि पुन्हा एकशे अठ्ठेचाळीसवर येऊन थांबला. महिन्यापूर्वी दोघांचं मिळून होतं तेवढंच.

तिने तिथूनच, त्याच्या छातीचा आधार घेऊन, चिठ्ठी लिहिली. तारीख. वजन. दोघांचं एकच. खाली सही केली आणि पेन त्याच्या हातात दिलं.

“कर तूही,” ती म्हणाली. “खरं असेल तर.”

त्याने केली.